लिफ्ट चालू होईपर्यंत उतरणार नाही

वालपाराइसो, आपली टेकडी
शनिवार सकाळ, धुकं विरल्यावर

माझी धाकटी, हट्टी आणि (दुर्बीण खोटं बोलत नाही) गेल्या उन्हाळ्यापासून जरा अंग धरलेली बहीण ओर्फेलिना हिला थोरल्या झुनिल्डाचे वरून भरपूर आशीर्वाद. वरून म्हणजे अक्षरशः वरून, कारण हे लिहिताना तुझ्या इमारतीची गच्ची मला खिडकीतून दिसतेय आणि गच्चीवरचं ते आळशी मांजरही दिसतंय. माझी तब्येत उत्तम. तुझी कशी आहे हे विचारायची रीत म्हणून विचारते, बाकी मला सगळं कळतं. जाड लोकरी परकर आठवडाभर तुझ्या दोरीवर वाळतोय, म्हणजे कंबर पुन्हा धरली. चादरी सोमवारऐवजी गुरुवारी धुतल्यास, म्हणजे मन थाऱ्यावर नाही. आणि काल तर तू पडदेच काढलेस. ते पाहिलं आणि मी दुर्बीण खाली ठेवली. पडदे काढले म्हणजे बाई खरंच चालली.

फोन का नाही केला, असं तू म्हणशीलच. अगं, फोनवर तू मध्ये बोलतेस. आणि मी जरा आवाज चढवला की "रेंज जातेय गं ताई" म्हणून ठेवून देतेस. रेंज जायला तू काय खाणीत राहतेस? खाली बाजाराच्या मागे राहतेस! पत्राचं बरं असतं, त्याला मध्ये तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

उद्या तुझा व्लादिमिर ट्रक घेऊन येणार आणि तुला कायमची रांकाग्वाला नेणार. मुलगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. आईची काळजी करतो, नाक शिंकरल्याशिवाय बोलत नाही एवढाच काय तो दोष. पण रांकाग्वा! जिथे चेंडू ठेवला तर ठेवला तिथेच राहतो, असलं गाव! समुद्र नाही, जहाजांचा भोंगा नाही, वारा नाही. घरं सगळी एका रंगाची. मी त्याला विचारलं, "तिथे खिडकीतून काय दिसतं रे?" तर म्हणाला, "समोरची खिडकी दिसते मावशी." आणि हे त्याने तक्रार म्हणून नाही, कौतुकाने सांगितलं.

आता तुझ्या मनात काय चाललंय ते सांगू? "ताईला माझ्यासाठी एवढं उतरवत नाही! एकुलती एक बहीण कायमची चालली, तरी हिची शपथ मोठी!" असंच ना? म्हणून हे पत्र. सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे दोष कोणाला द्यायचा ते तुला नीट ठरवता येईल.

मागच्या हिवाळ्यात आपली लिफ्ट बंद पडली. दोरखंडाला बांधलेला तो लाल लाकडी डबा रुळांवर अर्ध्यात थांबला तो थांबलाच. "थोड्या दिवसांसाठी बंद" अशी पाटी लागली, आणि त्या पाटीचा रंग उडून ती दुसऱ्यांदा रंगवावी लागली तेव्हा आम्हा टेकडीवरच्यांची सभा भरली. (पाटी रंगवायला माणूस येतो, दोरखंड बदलायला येत नाही, हे सगळ्यांना लागलं.) सभेत नेहमीप्रमाणे सगळे ओरडले. मग मी उभी राहिले आणि चारचौघांत म्हणाले, लिफ्ट मला खाली नेईल तेव्हाच मी उतरेन, तोवर नाही, हाडं वाळली तरी नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांनीच तीच शपथ घेतली. शेजारची एदुविहेस तर रडलीसुद्धा, आणि त्याच आठवड्यात केस कुरळे करायला गुपचूप खाली जाऊन आली. मी म्हटलं, "काय गं, हे केस काय वाऱ्याने कुरळे झाले?" तर म्हणते, "दमट हवा!"

एकेक करत सगळे उतरले. मला त्यांचा राग नाही, कामधंदा असतो माणसाला. पण म्हणून तर मी उतरता कामा नये. मीही तुरुतुरु पायऱ्या उतरले, तर लिफ्टवाले म्हणणार, बघा, म्हातारीसुद्धा जाते-येते, लिफ्ट हवीय कुणाला? मी इथे बसलेय तोवर त्यांना उत्तर द्यावं लागतं. एकदा त्यांचा एक साहेब माझी समजूत घालायला पायऱ्या चढून आला होता. दारात आला तेव्हा घेरीच यायची बाकी होती. त्याला पाणी दिलं, पाव दिला, तो आरामखुर्चीत तासभर झोपला. उठल्यावर म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं पटलं." पटलं, पण दोरखंड काही आला नाही.

बरं, दुसरी बाजूही बघ. तू वर येऊ शकत नाहीस, हे मला मान्य आहे. डॉक्टरने कंबरेमुळे पायऱ्या बंद केल्यात. (वरच्या रस्त्याने टॅक्सीने ये, असं व्लादिमिरने एकदा सुचवलं होतं. त्या मुलाचा जन्म इथला आहे यावर विश्वास बसत नाही. वरच्या रस्त्यावरून आपल्या घरापर्यंत काय सरकती गादी घातलीय? तिथूनही पायऱ्याच की.) थोडक्यात काय, ज्या बहिणी एकमेकींच्या चुली पेटलेल्या ओळखतात, त्यांची वर्षभर गाठ नाही.

तू जाणार ही बातमी कळली त्या दिवशी मी जेवले नाही. डोन एर्मोहेनेसने हे पाहिलं. तुला आठवतो ना, होड्या बांधायचा तो सुतार? बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो आणि माझ्या घराच्या रंगाला नावं ठेवतो. (समोरची भिंत मोहरीची, बाजूची निळी, मागची अर्धी निळी आणि अर्धा उघडा पत्रा. रंग संपला, मी काय करू? जहाजावरचा उरलेला रंग भिंत मोजून येत नाही.) तर तो चहा ढवळत म्हणाला, "झुनिल्डाबाई, तुम्ही पायऱ्यांना पाय न लावता गेलात तर?"

म्हटलं, "उडून जाऊ?"

"डोलीतून."

"या वयात डोलीत बसवताय मला?"

"नवरदेवाची अट घातली नाही मी," म्हणाला मेला, आणि स्वतःच हसत बसला.

पण कल्पना मला पटली. लगेच सभा बोलावली. (शपथ चारचौघांत घेतली, तर ती वाकवायचीही चारचौघांतच, माझं हे असं आहे.) एदुविहेस म्हणाली, शपथेत "लिफ्ट नेईल" असं आहे, डोली चालणार नाही. केस कुरळे करून आलेली बाई मला शपथ शिकवते! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बराच वाद झाला, आणि शेवटी असं ठरलं की डोलीला लिफ्टचाच लाल रंग द्यायचा आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत "लिफ्ट" लिहायचं. मग ती लिफ्टच. यावर हात वर झाले, एदुविहेसचा सगळ्यात शेवटी.

एर्मोहेनेसने माझी जेवणाची हातवाली खुर्ची घेतली, तिला आपल्या जुन्या होडीची वल्ही बांधली, आणि उचलायला निबाल्दो आणि कुस्तोदियो या हमाल भावांना पकडून आणलं. टेकडीवरचं प्रत्येक कपाट, प्रत्येक फ्रिज, गॅसचा प्रत्येक सिलिंडर या दोघांच्या पाठीवरून वर आलेला आहे. चर्चचा पियानो त्यांनी आणला तेव्हा वाटेत एक सूरही उतरला नाही म्हणतात. म्हणून मी निर्धास्त होते. पण निबाल्दो शहाणा, म्हणाला, "आजी, आधी बटाटे बसवू. तुम्ही नंतर."

तर मंगळवारी बटाट्यांचं पोतं खुर्चीत बसवलं, कमरेला दोरी बांधली, एदुविहेसने गंमत म्हणून त्याला माझी टोपी घातली. अख्खी टेकडी बघायला जमली होती. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. या भावांनी जन्मभर सामान वर आणलंय. खाली कधी काही नेलेलंच नाही! नेणार तरी काय? इथे एकदा वर चढलेलं कपाट पुन्हा उतरतं का कधी? माणूस गेला तर कपाट शेजारी जातं, शेजारी गेला तर त्याच्या शेजाऱ्याकडे. माझ्याकडचंच कपाट चौथ्या घरातून आलेलं आहे. तर या दोघांनी काय करावं? सवयीने तोंडं टेकडीकडे केली, "हं, उचल" म्हटलं, आणि उलट्या पावली पायऱ्या उतरायला लागले!

मी ओरडले, "अरे, वळा की!"

"वळलं की पायऱ्या कळत नाहीत आजी!" कुस्तोदियो तिकडून ओरडला.

पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या टप्प्यावर तो म्हातारा पिवळा कुत्रा झोपला होता, जो बिशप आला तरी उठत नाही. कुस्तोदियोचा पाय त्याच्या शेपटीवर पडला. कुत्रा केकाटला, कुस्तोदियो बसला, वल्हं सुटलं, आणि खुर्ची बटाट्यांसकट निघाली. काही पायऱ्या ती अगदी रुबाबात गेली, टोपीसुद्धा हलली नाही. मग वळण आलं. खुर्ची वळणावर थांबली, बटाटे थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत लोक कोणाच्या दारातून, कोणाच्या कुंडीतून बटाटे आणून देत होते. मंगळवारी तुझ्या गल्लीत बटाटे आले असतील तर ते माझे होते. खाल्ले असशील तर असू दे. टोपी मात्र कुणीतरी ढापली.

बटाट्यांच्या जागी मी असते तर, हा विचार माझ्याही मनात आला. पण मी माघार घेतली नाही. बुधवारी पुन्हा सगळे जमलो. या वेळी एर्मोहेनेस स्वतः बसला. म्हणाला, खुर्ची मी केलीय, मरायचं तर मीच. भावांना मी खालच्या बाजूला तोंड करून उभं केलं, कुत्र्याला घरात कोंडलं, आणि डोली अगदी बैलगाडीच्या वेगाने निघाली. पण हमालांची रीत अशी की प्रत्येक टप्प्यावर ओझं टेकवायचं आणि तिथल्या घरातल्या माणसाशी चार शब्द बोलायचे. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी विचारी, "अहो डोन एर्मोहेनेस, कुठे निघालात असे?" त्याला लाज वाटली. झुनिल्डाच्या डोलीची चाचणी आहे, असं सांगायचं कसं? तो बापडा म्हणाला, "दवाखान्यात."

पुढच्या टप्प्यापर्यंत त्याला हृदयविकार झाला. त्याच्या पुढच्यावर अर्धांगवायू. अर्ध्या वाटेत भावांचे गुडघे थरथरायला लागले म्हणून त्यांनी त्याला तिथूनच परत आणलं, तर लोक म्हणाले, "अरेरे, डॉक्टरांनी हात टेकले, घरी मरायला आणलं!" त्या रात्री त्याच्याकडे किती सूप आलं म्हणून सांगू! कोंबडीचं, माशाचं, शिंपल्यांचं. एक बाई तर त्याच्या होडीचं पुढे काय करणार, असंही विचारून गेली. तो मजेत सगळं प्यायला. मी विचारलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणे, "सूप गरम होतं हो." भावांनी मात्र दुसऱ्या दिवशी येऊन स्पष्ट सांगितलं, "आजी, खाली नेणं आमच्या पाठीत नाही. राग मानू नका."

राग कसला मानू? मी खोलीत जाऊन रडले. हो, रडले. तुझ्यापुढे कबूल करायला मला लाज नाही. शपथ मोडली तर टेकडीचं तोंड काळं, आणि पाळली तर तू माझा निरोप न घेता जाणार. सगळ्या बाजूंनी विचार केला. शेवटी ठरवलं की मी उतरणार नाही. चांगलं ठणकावून ठरवलंय. डगमगले नाही, पुढेही डगमगणार नाही, व्लादिमिरने दहा वेळा नाक शिंकरलं तरी नाही.

तेव्हा ओर्फेलिना, हाच माझा निरोप समज. पडदे मी डाळिंबी रंगाचे पाठवले होते तेच लाव. सूनबाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस, मनात ठेव. पाव तिकडचा कसाही असला तरी चांगला आहे म्हण. आणि रात्री झोप आली नाही तर भोंगा वाजतोय असं समज.

तुझी थोरली,
झुनिल्डा

ता. क. निरोप लिहून झाला, पण एक गोष्ट लिहायची राहिली. त्या बुधवारी एर्मोहेनेसला परत वर आणत होते तेव्हा मी वरच्या पायरीवरून दुर्बीण लावून बघत होते. अगं, वर येताना तीच डोली लोण्यासारखी आली! ना धक्का, ना हिसका. तोंडं टेकडीकडे, पावलं सवयीची. हृदयविकार, अर्धांगवायू, सगळं विसरून तो घोरायला लागला. तेव्हापासून मला रडू आलेलं नाही.

ता. क. समुद्राकडची शिवणाची खोली मी रिकामी केली. मशीन माझ्या खोलीत आलं, तू काही म्हणू नकोस. भिंती तुझ्या आवडीच्या फिकट हिरव्या रंगात रंगवल्यात, तीन भिंती. चौथीला रंग पुरला नाही, ती पिवळी आहे. तिच्याकडे पाठ करून बस. पलंग एर्मोहेनेसने दिलाय, तो कधीचाच कुणाकडून तरी आलेला आहे. चादरी मी कालच वाळवल्या, तू दुर्बीण वापरत नाहीस म्हणून तुला दिसल्या नसतील.

ता. क. खरं सांगू? शपथेचं निमित्त आहे. मला खाली येऊन तुला ट्रकात चढवायचं नाही. ट्रकामागे हात हलवत उभं राहायचं नाही. एवढं मला जमणार नाही, लिफ्ट चालू असती तरी जमलं नसतं.

ता. क. हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते निबाल्दो आणि कुस्तोदियो आहेत. अजून दारातच उभे आहेत, बघ. भिंतीआड लाल खुर्ची आहे. तिच्यावर "लिफ्ट" लिहिलंय, म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेल्या पायऱ्या तू चढत नाहीयेस, लिफ्टने येतेयस. रंग कालच दिलाय, अजून चिकटतोय, तेव्हा तो काळा कोट घालू नकोस, जुना करडा घाल. औषधं पिशवीत घे. त्यांना चहा करत बसू नकोस, दोघे जेवून आलेत, आणि "विचार करून सांगते" असं म्हणालीस तर तुझा विचार होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, असं मी त्यांना बजावलंय. मग तुझ्याच दारातून तुला पाव आणायलाही बाहेर पडता येणार नाही.

ता. क. व्लादिमिर उद्या येईल, त्याची काळजी नको. त्याला वर यायला सांग, आमच्याकडे रविवारी माशांचं कालवण आहे, त्याला आवडतं. चढून आला की आधी तासभर झोपेल, मग बोलू. त्याचा ट्रक रिकामा जाईल याचं वाईट वाटत असेल तर त्यात तुझं कपाट घालून ने म्हणावं. हे दोघे भाऊ म्हणालेत कपाटही आणू, पण मी नको म्हटलं, माझ्याकडे आहे.

ता. क. निघताना दार नीट ओढून घे. किल्ली शेजारणीकडे ठेव, व्लादिमिरला लागेल. तुला नाही लागणार.